ओढणाऱ्याचं नाव

नवरदेव अनेकांतनं अंगठी तांदळात टेकवली, ‘त्रि’ लिहिलं आणि हात थांबवला. शेजारी बसलेली नवरी म्हणाली होती, “मला आदितीच राहू दे.”

ताटाभोवती निम्मी गल्ली जमली होती. सुनेचं नाव त्रिशला ठेवायचं, हे त्याच्या आईनं, प्रभावतीनं, साखरपुड्यातच ठरवून टाकलं होतं. सुनेला विचारायचं तेवढं राहिलं. कोल्हापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी ही पोरगी आत्ता कुठं माप ओलांडून आत आली होती. आवाज शांत होता, पण डोळे भरले होते.

“दोघं एक व्हायचे म्हंजे एकाचं नाव बदलतंय की,” प्रभावती म्हणाली. “रीत हाय. तुझ्या शास्त्रात न्हाय व्हय?”

“आहे,” आदिती म्हणाली. “दोन अधातू जोडले गेले, की पहिल्याचं नाव तसंच राहतं, दुसऱ्याचं बदलतं. कार्बन कार्बनच राहतो, ऑक्सिजनचा ऑक्साइड होतो, की झालं कार्बन डायऑक्साइड.”

“बघा. शास्त्रातबी हाय.”

“पण तिथं कुणी कुणाला आपलं देऊन टाकत नाही, आई. इलेक्ट्रॉन दोघांत सामाईक असतात.”

“विहिरीगत,” सासरे भूपाल पुटपुटले.

“तसंच. आणि नाव बदलतं ते आपल्याकडं जास्त जोरानं ओढणाऱ्याचं.”

सगळ्यांच्या नजरा हळूच एकाच बाजूला वळल्या. या घरात जोर कुणाचा, हे गोठ्यातल्या म्हशीलाही ठाऊक होतं.

प्रभावती ताटाकडं बघत म्हणाली, “माझं बदललं तवा मला कुठं ओढता येत हुतं. ते हितं येऊन शिकले.”

तिनं तळहातानं ‘त्रि’ पुसलं आणि ताट सुनेपुढं सरकवलं. “तूच लिही.”

आदितीनं आपलं नाव लिहिलं. मग जरा भीतभीतच विचारलं, “तुमचं आधीचं काय होतं?”

प्रभावतीनं नवऱ्याकडं पाहिलं. भूपाल मान खाजवत राहिले, त्यांना आठवेना. तिनं सुनेच्या हातातली अंगठी घेतली आणि खालच्या मोकळ्या तांदळात सावकाश तीन अक्षरं काढली.

भूपालांनी वाकून वाचलं, “चिमणा.”

“ओ,” प्रभावती म्हणाली.