हॉलिस लेडफर्डने बांधलेली वायर

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हॉलिस लेडफर्डला वायर सापडली. अपघातात आडवा झालेला अर्विल प्रुइटचा ट्रक हॉलिसच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवलेला होता. गिअरबॉक्समधून निघालेली हिरवी वायर सायलेन्सरच्या नळीला चिकटली होती. वरचं प्लास्टिक वितळून गेलं होतं. आतलं तांबं लोखंडाला टेकलं होतं.

वायर त्यानेच टाकली होती. गिअरबॉक्सही त्यानेच बदलून बांधला होता. डोंगरात ओझं ओढणाऱ्यांना कंपनीचा ऑटोमॅटिक गिअर जसाच्या तसा नको असायचा. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सपाट रस्त्याचा तो हलका चौथा गिअर, कधी टाकायचा हे कंपनीचा गिअर स्वतःच ठरवी आणि नेमकं नको तिथे ठरवी. हॉलिस ती ठरवणारी पेटी काढून टाके आणि डॅशबोर्डवर एक खटका बसवून देई. खटका वर, ओव्हरड्राइव्ह बंद. गाडी खालच्या गिअरवर राहते, उतारावर इंजिन तिला धरून ठेवतं. खटका खाली, ओव्हरड्राइव्ह चालू. पण वायर उघडी पडून लोखंडाला टेकली, तर खटका कुठेही असो, ओव्हरड्राइव्ह आपोआप पडतो आणि इंजिनची पकड सुटते.

मागच्या बुधवारी अर्विल ट्रेलरवर ख्रिसमसची एकशे ऐंशी झाडं घालून खिंडीचा उतार उतरत होता. शेवटून तिसऱ्या वळणावर ब्रेक जळाले. ट्रक चरात आडवा झाला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या अर्विलचं खुब्याचं हाड मोडलं. झाडं रस्ताभर पसरली.

गुरुवारी गुरांच्या खाद्याच्या दुकानासमोरच्या बाकावर लोक म्हणत होते, "अर्विलने यंदा रस्ताच सजवला."

"गिअरबॉक्स तुझाच ना रे, हॉलिस?" कुणीतरी विचारलं.

"माझाच. खटका काही विसरत नाही," हॉलिस म्हणाला. "विसरतो तो म्हातारा."

लोक हसले. संध्याकाळपर्यंत ते वाक्य खोरंभर पसरलं. शुक्रवारी अर्विलच्या मुलीने, नेडाने, हॉस्पिटलमध्येच त्याच्या कोटाच्या खिशातून गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. त्याने घेऊ दिल्या.

मंगळवारी हॉलिसने वायरचा तेवढा तुकडा कापला आणि खिशात टाकला. बुधवारी नेडाचा फोन आला. ट्रक विकून टाक म्हणाली, बाबा आता चालवणार नाहीत. तो "बघतो" म्हणाला. त्या दिवशी तो बाकासमोरून गेला नाही. मागच्या रस्त्याने गेला.

गुरुवारी दुपारी तो अर्विलच्या घरी पोचला. नेडा कामावर गेली होती. म्हातारा शेगडीजवळ खुर्चीत बसला होता, चालायला आधाराची चौकट हाताशी.

"ये. बूट राहू देत. लादी पुसणारा सध्या रजेवर आहे."

हॉलिसने वायरचा तुकडा टेबलावर गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवला. बोलायचं ठरवून आला होता त्यातलं काहीच आठवेना.

"अर्विलकाका, खटका वर होता."

"मला काय सांगतोस? मी विसरतो."

हॉलिसने मान खाली घातली.

"मी बाहेर गवतात पडलो होतो, चाळीस मिनिटं," अर्विल म्हणाला. "ट्रकचं पोट माझ्या तोंडासमोर. नळीला चिकटलेली वायर सोडून बघायला दुसरं होतं काय? आणि वळणावर गाडी एकदम हलकी झाली, ते मला नाही कळणार? गिअरचा लिव्हर खाली ओढेपर्यंत ट्रेलरने ढकललं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, ट्रक तुझ्याच लिफ्टवर जाणार. तुला दिसेलच. बघू तरी, येतोस का. रविवारपर्यंत थांबणार होतो."

"दोन दिवस खिशात घेऊन फिरलो."

"दिसतंय. तोंड बघ तुझं."

हॉलिस खुर्चीच्या काठावर बसला. "लोखंडी क्लिपा संपल्या होत्या. मागवल्या असत्या तर आठवडा गेला असता. एप्रिलच्या जत्रेच्या आधी सगळ्यांना गाड्या हव्या होत्या. वायर प्लास्टिकच्या पट्ट्याने बांधली, तो नळीच्या उष्णतेने सुटला."

अर्विलने तुकडा उचलून डोळ्यांजवळ धरला होता. तो हात तिथेच थांबला.

"सगळ्यांना म्हणजे?"

हॉलिसने त्याच्याकडे पाहिलं.

"किती ट्रक, हॉलिस?"

दोन दिवस त्याच्या डोक्यात एकच ट्रक होता आणि बाकावरचं ते एकच वाक्य. आता तो गुडघ्यावर बोटं मोजू लागला. मध्येच थांबला, पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"नऊ. तुमचा सोडून."

शेगडीतलं लाकूड खाली बसलं. अर्विलने तुकडा टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आठ दिवस मी तुझी परीक्षा घेत बसलो," तो म्हणाला. "फोन आण इकडे. नावं सांग."

दोघांनी रात्रीच्या जेवणापर्यंत फोन केले. प्रत्येकाला हॉलिस आधी सांगे की अर्विलचा खटका वर होता, चूक माझी आहे, आणि मग सांगे की गाडी हलवू नका. शनिवारी संध्याकाळपर्यंत आठ ट्रक तपासून झाले. दोन ट्रकांतली वायर मऊ पडली होती. एकातलं तांबं दिसत होतं.

नववा ट्रक मालकाने जूनमध्येच व्हर्जिनियातल्या एका माणसाला विकला होता. नाव मालकाला नीट आठवत नाही. हा ट्रक घोड्यांचा ट्रेलर ओढेल ना, असं त्या माणसाने विचारलं होतं, एवढं आठवतं. मालकाने दिलेला त्या माणसाचा नंबर रविवारी दुपारी चार वाजेपर्यंत लागलेला नव्हता.