माहेर कुठलं?

"नको गं बाई, सुई दिसली की माझे हातपाय गळतात," म्हणत शेवंता कासारणीने दंड पदराखाली लपवला. गेल्या वर्षी फ्लूने तिला ऐन लग्नसराईत महिनाभर अंथरुणाला खिळवलं होतं, म्हणून लस घ्यायला आली होती खरी. पण धीर होईना.

नर्सने तिचा हात हातात घेतला. "काकू, माहेर कुठलं तुमचं?"

"पैठणचं. आमच्या दारात चिंच होती, आई तिच्याखाली..."

"झालं, काकू."

शेवंता दंडाकडे बघतच राहिली. घट्ट बांगडी चढवताना पोरींनी दुखणं विसरावं म्हणून जन्मभर ती हेच विचारत आली होती.

"कुठं शिकलीस गं?"

"तुमच्याकडेच. माझा लग्नाचा चुडा तुम्हीच भरलात."

शेवंताने हात जोडले. बांगड्या भरून झाल्यावर बायका तिला जोडतात, अगदी तसे.