सातवा अर्ज

जिलानीनं सहाही अर्ज एकावर एक ठेवले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"भुजंगमामा, हे लिहिले कुणी?"

"लेकीनं. तनुजानं. मुरुडला सरकारी दवाखान्यात डाक्टर हाय ती. दर बारीला तीच लिहिती, तीच टपालात टाकती. औंदा तिला सुट्टी न्हाई, म्हणून म्या आलो."

पहिला अर्ज २०१५च्या मे महिन्यातला होता, सहावा गेल्या वर्षीचा. अक्षर वळणदार, मजकूर सहाही वेळा तोच: माझा मुलगा सुदर्शन कशाने मेला, ते सरकारने सांगावे. उत्तरही सहाही वेळा एकच आलं होतं. उपलब्ध कागद देता येतात, कारणे सांगण्याची माहिती अधिकार कायद्यात तरतूद नाही.

"म्या सांगितलं तसंच लिहिलं तिनं," भुजंग म्हणाला. त्याला स्वतःला सही तेवढी येत होती.

सुदर्शन दूरच्या एका अणुवीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता. छातीवर एक बिल्ला लावून आत जायचं. अंगाला किती किरणं लागली ते त्या बिल्ल्यावरून मोजत. दोन वर्षांनी तो किल्लारीला परत आला तो रक्ताचा कॅन्सर घेऊन. सहा महिन्यांत गेला. त्याच्या दुःखानं आई तुळजाबाईही वर्षाच्या आत गेली. केंद्राचं म्हणणं, आमच्याकडे सगळं नियमात होतं.

भुजंगला ते पटत नव्हतं. भूकंपात सहा वर्षांच्या या पोराला त्यानं स्वतःच्या हातांनी दगडमातीतून जिवंत काढलं होतं. ते पोर कशानं गेलं, एवढं कळल्याशिवाय त्याला डोळे मिटायचे नव्हते.

जिलानी तीस वर्षं लातूरच्या कलेक्टर कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसत होता. भूकंपानंतर अर्ध्या किल्लारीचे अर्ज त्याच्याच बोटांखालून गेले होते.

"मामा, इतकी वर्षं काय करून राहिले तुम्ही? सरकारला कशानं अन् का असं विचारायचं नसतंय. सरकार जवाब देत न्हाई, कागद देतंय. बिल्ल्याची नोंदवही मागा. पोराच्या सहीचे कागद मागा. इतकी शिकलेली पोरगी, तिला हे ठाऊक न्हाई?"

"तिचा भावावर लई जीव. दर बारीला म्हणती, आबा, आता सोडा."

जिलानीनं चार ओळी टाइप केल्या. पत्ता स्वतःचाच टाकला, म्हणजे उत्तर आलं की वाचूनही दाखवता येईल.

उत्तर महिन्याभरात आलं. ज्या सरकारला भुजंगनं इतकी वर्षं उठता-बसता शिव्या घातल्या, त्यानं अठरा पानं पाठवली होती, प्रत्येक पानावर शिक्का मारून. सकाळच्या जीपनं भुजंग लातूरला पोचला आणि जिलानीच्या टेबलासमोर मांडी घालून बसला.

जिलानी वाचत गेला. महिन्यागणिक आकडे चढत होते. २०१२च्या डिसेंबरात लाल शाईत शेरा होता: मर्यादा पूर्ण, यास आत सोडू नये. पुढची पानं कोरी. मग सुदर्शनचा जबाब, त्याच्याच अक्षरात.

"मर्यादा संपल्यावर मी दुसऱ्याच्या बिल्ल्यावर चार महिने आत काम केले. बहीण लातूरला मेडिकलच्या क्लासला होती, फी मी भरत होतो. तिची परीक्षा होईपर्यंत मला काम सोडता येत नव्हते."

निकालाच्या वेळी क्लासवाल्यांनी चौकात तनुजाच्या फोटोचा फ्लेक्स लावला होता. त्याच्याखाली उभं राहून सुदर्शननं हौसेनं फोटो काढून घेतला होता. तेव्हाच सदरा त्याच्या अंगावर लोंबत होता. भुजंगला आता ते दिसलं, आणि त्याला रडू आवरेना.

जिलानीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. भुजंगनं चूळ भरली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"हे तनुजाला कळता कामा न्हाई. पोरगी जन्मभर स्वतःला खात बसंल. सांगतो तिला, ह्या बारीला बी सरकारनं न्हाई म्हटलं."

"अन् हे कागद?"

"तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. आमच्या घरी न्हाई चालायचे."

ते जिलानीला समजलं. भूकंपात कागदपत्रं गाडली गेल्यापासून किल्लारीत घरोघर कागदांची पेटी दाराशीच असते, बिनकुलपाची, म्हणजे जमीन हलली की कुणालाही उचलून पळता यावं. तनुजा घरी आली की ती पेटी आवरायची.

"ठेवतो," जिलानी म्हणाला. "माझ्या तोंडून शब्द निघायचा न्हाई."

तो पानं जुळवू लागला. शेवटचं पान वाचायचं राहिलं होतं. त्यानं ते वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

"काय हाय त्यात?" भुजंगनं विचारलं.

"काही न्हाई, मामा. कचेरीची नोंद हाय."

जिलानीनं ते पान गठ्ठ्याच्या तळाशी घातलं. त्यावर एवढंच होतं: वरील सतरा पाने मयताची बहीण तनुजा हिला, तिच्या स्वतःच्या अर्जावरून, ९ डिसेंबर २०१४ रोजी देण्यात आली आहेत.