चिमणीचा आवाज

सर्जनसाहेब पेशंटची फुगलेली महाधमनी कापून कृत्रिम नळी शिवत होते. मेंदूचे निरोप मज्जारज्जूतून हातापायांपर्यंत पोहोचताहेत ना, हे पडद्यावरच्या लाटांवरून पाहणं नव्या डॉक्टरीणबाईचं काम. आवाज बारीक, म्हणून साहेब तिला चिमणी म्हणत. अचानक पायांच्या लाटा सपाट झाल्या. “थांबा! पाय लुळे पडतील!” तिच्या ओरडण्याने नर्सही दचकली. “डोक्यावरची वायर निघाली असेल गं, चिमणे.” “मग हातांच्या लाटा कशा उठताहेत? आत्ता बांधलेली रक्तवाहिनी मज्जारज्जूला पोसत होती, साहेब. सोडा ती.” साहेबांनी गाठ सोडली, रक्तवाहिनी नव्या नळीला जोडली. लाटा हळूहळू परतल्या. संध्याकाळी पेशंटने पायाचा अंगठा हलवला, तेव्हा त्याच्या बायकोला साहेब म्हणाले, “आभार हिचे माना, वहिनी.” पुढच्या ऑपरेशनला दोरा धरून ते थांबले. “चिमणे, बांधू?” “बांधा,” ती म्हणाली. अख्ख्या खोलीला ऐकू गेलं.