हुंकारा

थोरल्या बहिणीचं, किरणचं, लग्न झालं त्या वर्षीचा ज्येष्ठ महिना. मांडवाचे बांबू अजून अंगणातच पडून होते. सोनगीरच्या त्या घरात दुपारी तिघंच होती. आई-बाप कपाशी लावायला शेतात गेले होते.

दिपमाला फरशीवर खडूने सहा टिंबं काढून बसली होती. पाठ खाटेकडे. खाटेवर तिची आजी, वच्छलाबाई. धुळ्याच्या डॉक्टरांनी आजीला घरी न्या म्हणून सांगितलं होतं. का सांगितलं, ते घरात कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला दिपमालाची मुलाखत होती, मोबाइलवर. दूर दक्षिणेतलं, गणितच शिकवणारं कॉलेज. लेखी परीक्षेत ती पास झाली होती. पण शिरपूरच्या ललित सरांनी बजावलं होतं, "लेखीत पास झालेले पुष्कळ असतात. डोक्यात जे चाललंय ते बोलत राहा. चुकलीस तरी बोल. आधी आपल्या भाषेत तोंड उघड, मग हिंदीत जमेल. गप्प बसलीस की संपलं."

दिपमालाचं तिथेच अडायचं. समोर माणसाचं तोंड दिसलं की बोलणं बंद. सरांपुढेही ती खाली बघत राहिली होती.

वच्छलाबाईनेच मग वाट काढली. "मन्हाकडे पाठ कर आनि माले सांग. माले समजनार नही, पन मी हुंकारा देसू."

गोष्ट ऐकणाऱ्याने हूं म्हणायचं, नाहीतर गोष्ट पुढे जात नाही, हे दिपमालाला लहानपणी आजीनेच शिकवलं होतं. आता सांगणारी बदलली होती.

"सहा बाया आहेत, आजी. कोणत्याही सहा."

"हूं."

"त्यांच्यात तिघी अशा निघतातच, की तिघी एकमेकींना ओळखतात. नाहीतर तिघी अशा, की कोणीच कोणाला ओळखत नाही."

"किरणना लगीनमा ऊन्या होत्या, त्या का?"

"कोणत्याही, आजी."

"कोनत्याबी कश्या? आवतन कोनी दिन्हं?"

ओसरीवर आजोबा, छगन आबा, बैलाचं दावं वळत होते. तिथूनच म्हणाले, "हिसाब काय भजन शे का, म्हनीसन दाखाडाले?"

"तुम्हनं पन्नास वरीस आयकं," खाटेवरून उत्तर गेलं. "तवय कुठे समजे?"

दिपमाला हसली. एका टिंबावर तिने बोट ठेवलं.

"ही कमलबाई धर. बाकी पाच उरल्या. त्यातल्या तिघींना तरी ती ओळखते, नाहीतर तिघींना तरी ओळखत नाही."

हूं आलं नाही.

दिपमालाला कारण माहीत होतं. आवाज पडला की आजी हूं म्हणत नसे. पहिल्याच दिवशी तिने सांगून ठेवलं होतं, "तुनाच तुले भरोसा नही, मी काबरं हूं देऊ?" मग मागे जाऊन तीच पायरी पुन्हा सांगायची.

"पाच जणी आणि दोन बाजू. ओळखीच्या इकडे, बाकीच्या तिकडे. दोन्हीकडे दोन-दोन बसवल्या तर चारच होतात. पाचवीला कुठेतरी जावंच लागेल. म्हणजे एका बाजूला तिघी होतातच."

"हूं. आते पटनं."

"समज, कमलबाई तिघींना ओळखते."

"हूं."

"त्या तिघींतल्या कोणत्याही दोघी एकमेकींना ओळखत असतील, तर त्या दोघी आणि कमलबाई. झाल्या तिघी."

"हूं." हे जरा उशिरा आलं.

"आणि त्या तिघींत कोणीच कोणाला ओळखत नसेल, तर मग त्याच तिघी."

हूं आलं नाही.

दिपमालाने ओढलेल्या रेघा हाताने पुसल्या. "कोणीच कोणाला ओळखत नसेल, तर त्या तिघी एकमेकींना अनोळखी. आपण त्याच शोधत होतो."

ती थांबली. मग पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा तिने सावकाश सांगितलं, एकेका टिंबावर बोट ठेवून.

"ही हिला ओळखत नाही. ही हिला नाही. आणि ही पण हिला नाही. म्हणजे तिघी मिळाल्या."

आवाज कुठेच पडला नव्हता. इतकं नीट तिने कधी सांगितलं नव्हतं.

ओसरीवर दावं वळायचं थांबलं. छगन आबा आत आले. खाटेपाशी उभे राहिले. वाकून त्यांनी वच्छलाबाईच्या नाकाखाली हाताची पाठ धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. मग तिचा पदर डोक्यावर नीट ओढला.

दिपमालाने मागे वळून पाहिलं नाही. खडू शेवटच्या टिंबावर टेकलेला होता.

"हूं," आबा म्हणाले.

खडू हलला नाही.

"म्होरे सांग."

"दुसरी बाजू राहिली," दिपमाला म्हणाली. "समज, कमलबाई तिघींना ओळखत नाही."

"हूं."

"त्यांच्यातल्या कोणत्याही दोघी एकमेकींना ओळखत नसतील, तर त्या दोघी आणि कमलबाई."

"हूं."

"आणि सगळ्याच ओळखत असतील, तर त्याच तिघी."

"हूं."

"झालं."

मुलाखत गुरुवारी होती. वच्छलाबाई छगन पाटील आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी वारल्या.