लाल लोकरी हातमोजे

कूलरमधल्या ओल्या वाळ्याच्या वासात मंदाताई आडव्या झाल्या आणि त्यांनी मोबाइलवर लाल लोकरी हातमोजे कार्टमध्ये टाकले. बाहेर भुसावळचं ऊन पत्रे तापवत होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र देवदारांवरून बर्फ अलगद उतरत होता आणि लाल हातमोजे घालून त्या त्यातून चालतही होत्या.

रोज नवरा चहाला उठायच्या आत त्या कार्ट रिकामं करत. दोघांचं खातं एकच, आणि भास्करराव म्हणजे ऑफरशिवाय साबणाची वडीही न घेणारा माणूस. कूपन लावून चहापत्ती, डिलिव्हरीचे चाळीस रुपये वाचावेत म्हणून आठवडाभर लांबवलेली टूथपेस्ट. बर्फाचं नाव काढलं असतं, तर म्हणाले असते, "फ्रीज उघडून बस."

आज मात्र मंदाताईंचा डोळा लागला. जाग आली तेव्हा भास्करराव चष्मा लावून त्यांचाच मोबाइल बघत होते.

"अहो, ते सहज टाकलं होतं. काढते," त्या गडबडीने उठल्या.

भास्कररावांनी मोबाइल पुढे केला. ऑर्डर गेली होती. हातमोज्यांचे दोन जोड, दुसरा मोठ्या मापाचा. कूपनची जागा कोरीच होती.

"ऑफर नव्हती ना हो त्यावर?"

भास्करराव बाहेरच्या उन्हाकडे असे बघत होते, जणू तिथेही बर्फ पडतोय.

"सेल दिवाळीत आहे," ते म्हणाले. "बर्फ थांबेल गं तोवर. आपले गुडघे नाही थांबायचे."