झिरमिळ्यांचं भूत

फ्रँकफर्टमध्ये नातीच्या हॅलोविनसाठी भुताचा कंदील करायचं मी कबूल केलं आणि लगेच घाबरलो; आजवर मी फक्त दिवाळीचे आकाशकंदील केले होते. तळघरात काड्या बांधल्या, केशरी कागदात डोळे नि दात कापले. पण हाताच्या सवयीने खाली दिवाळीसारख्या झिरमिळ्याही चिकटवल्या. कंदील दारात टांगल्यावर अन्वी रडकुंडीला आली. "आजोबा, भुताला झिरमिळ्या? मैत्रिणी हसतील मला!" "काढतो गं," मी पुटपुटलो. तेवढ्यात चेटकीण बनलेली तिची एक मैत्रीण चॉकलेट मागायला आलीच. वारा सुटला आणि झिरमिळ्या तिच्या मानेवरून सळसळत गेल्या. ती किंचाळत पायऱ्यांपर्यंत पळाली आणि खिदळत परत आली. "कुणी केलं हे भूत?" मी दाराआड सरकलो. अन्वीने मला बाही धरून बाहेर ओढलं. "माझ्या आजोबांनी! ते याहून छान घाबरवतात!" चेटकीण डोळे विस्फारून थांबली. आयुष्यात मला कुणीच घाबरलं नव्हतं. घसा खाकरून मी ओरडलो, "भॉक!"